अराकू: रेल्वेने चढा, रस्त्याने उतरा

आंध्रातल्या डोंगराळ अराकूला गेलेले बरेच जण कॉफीची बाग धड न बघताच परततात. गावात कॉफी पेल्यात मिळते. मळे आहेत ते विशाखापट्टणमच्या रस्त्यावर, अनंतगिरीच्या घाटात. सकाळच्या रेल्वेने वर आणि त्याच दिवशी रेल्वेनेच खाली असा बेत केला, की नेमका घाट राहून जातो.

म्हणून जाताना रेल्वे, एक मुक्काम आणि उतरताना रस्ता. विशाखापट्टणमपर्यंत पुणे-सोलापूरकरांना कोणार्क एक्स्प्रेस थेट आहे. तिथून किरंदुलची पॅसेंजर सकाळी सातच्या आसपास सुटते. उजवीकडची खिडकी धरा, दरी बहुतेक त्याच बाजूला. विस्टाडोमचं (काचेच्या छताच्या डब्याचं) आरक्षण आधीच करून ठेवा. हा मार्ग मुळात छत्तीसगडमधल्या बैलाडिल्याच्या खाणींचं लोहखनिज बंदरावर नेण्यासाठी बांधलेला. मालगाड्यांची वर्दळ भरपूर, त्यामुळे उशीर गृहीतच धरा.

दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी ठरवतानाच गालिकोंडा आणि अनंतगिरीचे मळे सांगून ठेवा. नाहीतर गावातली बाग आणि संग्रहालय यातच दुपार होते. बोर्रा गुहांसाठी मुख्य रस्ता सोडून आत वळावं लागतं, तो वेळ वेगळा धरा. हिवाळ्यात धुकं दाटतं; अंधारापूर्वी घाट उतरलेला बरा.

मळ्यात आधी वर बघा. उंच सिल्व्हर ओक सावलीसाठी लावलेले असतात आणि त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल चढवलेले. खाली माणसाच्या उंचीला छाटलेली अरेबिका जातीच्या कॉफीची झुडपं. लाल फळं बघायची तर नोव्हेंबर ते जानेवारी. पांढरा, मोगऱ्यासारख्या वासाचा फुलोरा मार्च-एप्रिलच्या सरींनंतर येतो आणि चारदोन दिवसांत संपतो. पिकलं फळ चिमटीत दाबलं की बुळबुळीत गरातून सपाट बाजूंनी चिकटलेल्या दोन बिया निसटतात. हा गर लगेच आंबू लागतो, म्हणून तोडलेलं फळ त्याच दिवशी सोलावं लागतं. पण फळ मागून घ्या. हे मळे बहुतांशी आदिवासी कुटुंबांचे आहेत, तोडलेली फांदी त्यांच्या पिकातून जाते.

खरेदी करताना पाकिटावर चिकोरीचं, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीचं, प्रमाण वाचा. डिकॉक्शन (फिल्टरमधून उतरवलेला कॉफीचा अर्क) काळंभोर, दाट दिसतं ते बऱ्याचदा चिकोरीमुळे. अराकूच्या अरेबिकाला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिची चव कळायची तर बिनचिकोरीचीच घ्या. भाजल्याची तारीख बघून शक्यतो अख्खे दाणे घ्या, दळलेल्या कॉफीचा वास लवकर उडतो. हिरवट-राखाडी दाणे कच्चे असतात; घरी भाजायची सोय असेल तरच.