कमी पैशात फुल सस्पेन्शन घेताय? गिअर शेवटी बघा

"बजेट मोजकंच आहे, ट्रेलवर चालवायला फुल सस्पेन्शन सायकल हवी आहे, कुठली घेऊ?" असं विचारणाऱ्याने बहुतेक वेळा दोन-तीन सायकली आधीच हेरून ठेवलेल्या असतात, आणि त्यांची तुलना गिअरवरून चाललेली असते. (ट्रेल म्हणजे कच्ची, दगडाधोंड्यांची वाट. फुल सस्पेन्शन म्हणजे दोन्ही चाकांचे धक्के झेलणारी सायकल: पुढे फोर्क, मागे शॉक.) तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: गिअर सगळ्यात शेवटी बघा. मागचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) डोळ्यांत भरेल असा लावायचा आणि हब (चाकाचा मधला भाग), ब्रेक, शॉक यांत हात आखडता घ्यायचा, ही स्वस्त सायकलींची जुनी खोड आहे. गिअर झिजतात, ते कधी ना कधी बदलावेच लागतात. फ्रेम मात्र एकदा घेतली की घेतली.

म्हणून फ्रेमवरची तीन मापं आधी तपासा. हेडट्यूब, म्हणजे फोर्क जिच्यात बसतो ती फ्रेमची पुढची नळी, टेपर्ड हवी: वरच्या तोंडापेक्षा खालचं तोंड रुंद. ती सरळ नळीसारखी असेल तर पुढे चांगला फोर्क बसवायचा विचार सोडा, कारण आजचे जवळपास सगळे चांगले फोर्क टेपर्डच येतात. मागचा एक्सल (चाकाचा दांडा) थ्रू, म्हणजे फ्रेममधून आरपार जाणारा असावा, 12 मिमी जाड आणि 148 मिमी रुंदीच्या हबसाठी. क्विक रिलीजच्या बारीक दांड्यावर मागचं चाक वळणात पिळवटतं आणि चाकं बदलायची म्हटली तर पर्यायही थोडेच उरतात. तिसरं, सीटट्यूबचं (सीटची दांडी जिच्यात जाते त्या नळीचं) माप 30.9, 31.6 किंवा 34.9 मिमी असावं आणि ड्रॉपरची (चालवताना खाली-वर करता येणाऱ्या सीटच्या दांडीची) केबल आत न्यायला भोक असावं. ड्रॉपर आज परवडत नसेल तर नका घेऊ, पण उद्यासाठी जागा ठेवा. उतारावर सीट खाली घेता येण्याचा फायदा महागड्या गिअरपेक्षा कितीतरी मोठा आहे.

आता शॉक. ट्रेलसाठी मागे 120 ते 140 मिमी ट्रॅव्हल (चाक वर-खाली सरकण्याचं अंतर) पुरतो. त्याहून जास्त ट्रॅव्हल स्वस्तात मिळत असेल तर बहुधा वजन वाढलेलं असतं आणि चढावर ते तुम्हालाच ओढावं लागतं. सगळ्यात स्वस्त सायकलींत नुसती स्प्रिंग असते, डॅम्पिंग, म्हणजे तिची उसळी आवरणारी सोय, नावालाही नसतं. सीटवर जोरात दाबून सोडा. सायकल टुणकन उसळून वर आली तर ती दगडांवरही तशीच उसळणार आणि मागचं टायर जमीन सोडणार. चांगल्या शॉकवर रिबाउंडची, म्हणजे शॉक परत वर येण्याचा वेग ठरवणारी, कळ असते, बहुतेकदा लाल. ती एका टोकाला फिरवून सीट दाबा, मग दुसऱ्या टोकाला फिरवून दाबा. दोन्ही वेळा शॉक सारख्याच वेगाने वर येत असेल तर डॅम्पर तरी मेलाय किंवा कळ शोभेची आहे. स्प्रिंग म्हणजे वाईटच असं नाही, महागडे कॉइल (स्प्रिंगवाले) शॉक झकास चालतात. पण वजनाप्रमाणे स्प्रिंगच बदलावी लागते. एअर शॉकमध्ये हवा कमी-जास्त केली की काम भागतं, म्हणून कमी बजेटमध्ये मी एअरच घ्यायला सांगतो.

ती हवा भरायला शॉक पंप लागतो, त्याचे पैसे सायकलीच्या किमतीतच धरा. सुरुवात आपल्या वजनाच्या पाउंडांएवढ्या पीएसआय दाबाने करा, 70 किलोला साधारण 150. मग हेल्मेट, पाण्याची पिशवी, सगळं अंगावर चढवून सायकलीवर बसा, शॉकवरची रबरी रिंग सीलला टेकवा आणि न उसळता अलगद उतरा. रिंग किती सरकली ते मोजा. शॉकचा स्ट्रोक (शॉक जास्तीत जास्त किती दबतो ते अंतर) 50 मिमी असेल तर साडेबारा ते पंधरा मिमी, म्हणजे 25 ते 30 टक्के सॅग (नुसतं बसल्यावर शॉक दबण्याचं प्रमाण) हवा. फोर्कला 15 ते 20 टक्के पुरे. कमी सॅग ठेवला तर ट्रॅव्हलचे पैसे दिलेत पण वापर होत नाही, असा प्रकार होतो.

ब्रेक हायड्रॉलिकच (तेलाच्या दाबावर चालणारे) घ्या, पुढचा रोटर (ब्रेकची चकती) 180 मिमी. रोटरवर फक्त रेझिन पॅडसाठी असं कोरलेलं असेल तर त्यावर मेटल पॅड लावू नका, रोटर भराभर झिजतो. आणि हो, गिअर: पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र), मागे क्लचवाला (साखळी ताणून धरणारा) दहा गतींचा डिरेलर, एवढं भरपूर झालं.

याच पैशात जुनी सायकल बरीच वरच्या दर्जाची मिळते, पण ती नीट तपासून घ्यावी लागते. एका हाताने सीट हलकेच उचला आणि दुसऱ्या हाताचं बोट शॉकच्या टोकावर ठेवा. तिथे खुट्ट लागलं तर बुश (शॉकच्या टोकातली छोटी कडी) गेलाय, तो किरकोळ खर्च. खेळ लिंकेजच्या (शॉक आणि मागचं चाक जोडणाऱ्या दांड्यांच्या) सांध्यात असेल तर सगळी बेअरिंग प्रेसने बदलायची तयारी ठेवा. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवा. नख अडकेल असा ओरखडा असेल तर तो सील कापणार आणि तेल गळणार. मग फडक्याने फ्रेम पुसून बॉटम ब्रॅकेटजवळचे (पेडलचा दांडा फ्रेममध्ये बसतो तिथले) वेल्ड बघा. रंगावर केसासारखी रेघ दिसली तर किंमत कितीही उतरवून देऊ दे, घेऊ नका. शॉकमधली हवा काढून सायकल पूर्ण दाबायलाही विसरू नका. कुणी हौसेने जास्त स्ट्रोकचा शॉक बसवलेला असेल तर टायर सीटट्यूबला घासतं, ते तिथेच कळतं.

नवी असो की जुनी, दर 50 तासांना फोर्कच्या खालच्या पायांतलं तेल आणि शॉकच्या एअर कॅनची (हवेच्या नळकांड्याची) सर्व्हिस धरून चाला. हा खर्च झेपणार नसेल, किंवा बजेटमध्ये डॅम्पिंगवाला एअर शॉक आणि थ्रू एक्सल बसतच नसेल, तर हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) घ्या. त्याच पैशात फोर्क, ब्रेक आणि टायर तिन्ही चांगले येतात. फुल सस्पेन्शन घेतलीतच तर पहिल्या दोन-तीन राइडनंतर लिंकेजचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा. नवे बोल्ट हमखास थोडे सैल होतात, आणि किती आवळायचे तो आकडा बऱ्याचदा बोल्टवरच कोरलेला असतो.