आमची वाटचाल: पुठ्ठा, पेपरबॅक आणि मधली टक्केवारी

कोल्हापुरात २००५ साली आम्ही प्रकाशन सुरू केलं, तेव्हा आमच्या ओळखीतल्या बहुतेक प्रकाशकांचा साचा ठरलेला होता. डेमी आकार (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), पुठ्ठा बांधणी, वर रंगीत जॅकेट आणि अकराशे प्रतींची आवृत्ती. वाचकाला काय हवंय हे विचारायची कुणाला गरज वाटत नव्हती, कारण पुस्तक आधी वाचकाकडे जातच नसे, ग्रंथालयाकडे जाई. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगावी अनुदानावर चालणारी सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांची. अनुदान आलं की खरेदी, नाहीतर थांबा. आमचं सगळं वर्ष त्यामुळे मार्चअखेरीभोवती फिरायचं.

ग्रंथपालांचं म्हणणं साधं असे: “ताई, पुठ्ठ्यात असेल तर द्या.” त्यात चूक काहीच नव्हती. एक प्रत वर्षात कितीतरी घरं फिरून येते. नुसत्या डिंकावर चिकटवलेलं पेपरबॅक दोन उन्हाळ्यांत पानं सोडायला लागतं. जी ग्रंथालयं पेपरबॅक घेत, ती नवीकोरी प्रत कपाटात लावायच्या आधीच गावातल्या बाइंडरकडे पाठवत. चित्रकाराने जीव ओतून केलेलं मुखपृष्ठ मग तपकिरी पुठ्ठ्याच्या आत जायचं.

मी मूळची डीटीपीवाली, म्हणजे संगणकावर पानं जुळवणारी, आणि माझे दीर बाइंडिंगच्या धंद्यातले. त्यामुळे खर्चाची दोन्ही टोकं आमच्या घरातच होती, आणि पुस्तकांच्या किमती पाहून आम्हाला कोडं पडायचं ते याच कारणाने. दिरांचं बिल इतकं किरकोळ असताना पुठ्ठ्याची प्रत एवढी महाग कशी?

एका १६० पानी पुस्तकाचा हिशेब मांडते. डेमीत १६ पानांचा एक फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेली पानं), म्हणजे दहा फर्मे. हजार प्रती छापल्या तर आमच्याकडे पेपरबॅकला प्रतीमागे साधारण ६० रुपये पडतात. तेच पुस्तक शिलाई, पुठ्ठा, अस्तराचा कागद आणि जॅकेट धरून ९५ ला जातं. फरक ३५ रुपयांचा. पण छापील किंमत काढताना आम्ही उत्पादनखर्चाच्या चौपट धरतो. पेपरबॅक २४०, पुठ्ठा ३८०. फरक झाला १४०! वाचक विचारतो, पुठ्ठ्याला १४० रुपये लागतात का? नाही लागत. पुठ्ठ्याला ३५ लागतात, बाकीचे १०५ त्याच्यावर चढत गेलेल्या टक्केवारीचे.

चौपट ऐकून कुणी दचकेल म्हणून पेपरबॅकचे २४० फोडून दाखवते. वितरक आणि दुकानदार मिळून ४० टक्के, म्हणजे ९६ गेले. लेखकाचं मानधन १० टक्के, २४ गेले. छपाईचे ६० वजा केले की आमच्याकडे ६० उरतात. त्यातून अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, गोदामाचं भाडं, अभिप्रायासाठी दिलेल्या प्रती, दुकानातून मळून परत आलेल्या प्रती, आणि कधीच न विकल्या जाणाऱ्या प्रती. शिवाय छापील पुस्तकावर जीएसटी नाही याचा सगळ्यांना आनंद असला तरी कागदावर आणि छपाईवर तो आम्ही भरतोच. पुस्तक करमुक्त असल्यामुळे भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, तो खर्चातच जिरतो. २०२२ मध्ये कागदाचे भाव भडकले तेव्हा हीच चौपट आमच्या अंगावर आली. कागद प्रतीमागे दहा रुपयांनी चढला की किंमत चाळीसने चढणार, आणि वाचक दुकानातून हात मागे घेणार.

तेव्हा आम्ही एक ठरवलं. पुठ्ठ्याची प्रत दुकानात ठेवायचीच नाही. जो थेट आमच्याकडून मागवेल त्याला पेपरबॅकच्या किमतीवर फक्त ६० रुपये जादा घेऊन ती द्यायची. प्रकाशनपूर्व सवलतीच्या नोंदणी अर्जावर दोन चौकटी छापल्या: साधी बांधणी, पुठ्ठा बांधणी. थोड्या प्रतींना पुठ्ठा चढवायचा तर हाताने करावं लागतं, दर जरा जास्त पडतो, तरी ६० मध्ये भागतं. ग्रंथालयांनाही हाच भाव, निव्वळ, म्हणजे त्यावर वेगळी सवलत नाही. काहींना तो पटला. काहींनी खरेदी थांबवली, कारण बिलावर सवलतीचा आकडा दिसला पाहिजे, मग मूळ किंमत फुगवलेली का असेना. यावर मी वाद घालणं सोडून दिलंय.

या चौकटींनी आम्हाला जे दाखवलं ते कुठल्याही पाहणीतून कळलं नसतं. किंमत आड येत नाही म्हटल्यावर माणसं पुस्तकाचं पुढे काय करणार आहेत ते पाहून बांधणी निवडतात. कादंबरी आणि कथासंग्रह बहुतेक पेपरबॅकमध्ये जातात; वाचून झालं की बहिणीला, शेजारणीला. गावाचा इतिहास, घराण्याची हकीकत, चरित्र यांना पुठ्ठा हवा असतो, कारण ते घरात ठेवायचं असतं. कवितासंग्रह भेट द्यायला घेतात, म्हणून तिथेही पुठ्ठ्याची मागणी आमच्या अंदाजापेक्षा बरीच निघाली. पाककृतींच्या पुस्तकाला दोन्ही नको! ओट्यावर उघडं ठेवलं की मिटू नये, एवढीच अट. त्याला आम्ही वायरो, म्हणजे तारेच्या कड्यांची, बांधणी केली. बायका खूश, दुकानदार नाराज, कारण वायरोला कणा नाही, कपाटात उभं केलं की नावच दिसत नाही. ते पुस्तक आम्ही दुकानांतून जवळजवळ काढूनच घेतलं आणि प्रदर्शनांत विकतो.

ई-बुकबद्दल मला सगळ्यात जास्त ऐकवलं जातं. कागद नाही, शाई नाही, मग किंमत कसली? २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली, त्यानंतर आम्हीही जुनी यादी काढून बसलो. आमची जुनी पुस्तकं पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतांच्या) आधीच्या फाँटांत जुळवलेली. ती युनिकोडमध्ये आणली की रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो, पहिली वेलांटी भलत्याच व्यंजनाला चिकटते, जोडाक्षरं फुटतात. म्हणजे पुस्तक अथपासून इतिपर्यंत पुन्हा तपासायचं, आणि मुद्रितशोधकाला पैसे पानामागे द्यावे लागतात, मग पान कागदावर असो की पडद्यावर. वर छापील पुस्तकाला जीएसटी शून्य, पण २०१८ पासून त्याच पुस्तकाच्या ई-आवृत्तीला ५ टक्के, आणि छापील आवृत्ती नसलेल्या ई-बुकला १८. तरीही आम्ही ई-बुक छापील किमतीच्या निम्म्यात देतो. ते घेणारे बरेचसे परदेशातले, जिथे टपालखर्च पुस्तकाहून जास्त होतो. तिकडून सुट्टीला आलेले मात्र पेपरबॅकच नेतात, आणि निवडताना पुस्तक हातात धरून वजनाचा अंदाज घेतात.

ऑडिओ आम्ही स्वतः करत नाही, हक्क देतो. स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं अ‍ॅप २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून ऐकणारा वाचक आहे हे कळलं, पण आमच्या जुन्या करारांत ध्वनिहक्काचा उल्लेखच नव्हता. लेखकांशी, काहींच्या वारसांशी, नव्याने करार करण्यात बराच काळ गेला.

टपालाचं एक वेगळंच. छापील पुस्तकांची जुनी स्वस्त रजिस्टर्ड सेवा २०२४ च्या डिसेंबरात बंद झाली. थेट विक्रीवर उभा असलेला आमच्यासारखा धंदा त्याने हादरला. पेपरबॅकच्या पाव किमतीइतकं कुरिअर लागू लागलं. १ मे २०२५ पासून टपाल खात्याची पुस्तकांसाठीची नवी सेवा, ज्ञानपोस्ट, आली: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोला १००, कर वेगळा. सत्तर जीएसएमच्या (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाच्या) कागदावर डेमी २४० पानांचं पेपरबॅक पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे बसतं. पुठ्ठ्याचं बसत नाही.

सध्या हातात आहे ते मोठ्या अक्षराचं काम. थेट मागवणाऱ्यांत साठीपुढचे वाचक खूप, आणि त्यांची तक्रार किमतीची नसते, टायपाची असते. बारा पॉइंटचं चौदा केलं, मात्रा-उकार एकमेकांना भिडू नयेत म्हणून ओळींमधली जागाही वाढवली, की १६० पानांची २०८ होतात, तेरा फर्मे. खर्च ७५ आणि किंमत ३००. हाताला जड होऊ नये म्हणून वजनाला हलका आणि दिसायला जाड असा बुकप्रिंट कागद घेतलाय. दुकानदार आत्ताच विचारतायत, मजकूर तोच, मग साठ रुपये जास्त का? म्हणून मागच्या मुखपृष्ठावर किमतीशेजारी अक्षराचा आकारही छापतोय. पहिली दोन पुस्तकं दिवाळीआधी येतील. नोंदणी अर्जावर आता तिसरी चौकट आहे.