तुम्ही विचारलंत म्हणून: हासेबेच का?

फ्रँकफुर्टला राहायला आल्यापासून हा प्रश्न मला ठरलेला आहे. कोल्हापूरचे मित्र विचारतात, इथले मराठी मंडळी विचारतात, परवा घरच्या एका लग्नात काकांनी पण विचारलं, की अरे जर्मनीत राहतोस, एवढे मोठे मोठे प्लेयर तिथे खेळून गेले आणि तुझा आवडता कोण तर एक जपानी, आणि तो पण स्ट्रायकर नाही, विंगर नाही, गोल मारतच नाही म्हटलं तरी चालेल, तर असं आहे काय त्या हासेबेत? तोंडी सांगायला लागलो की समोरचा मधेच मेस्सीवर जातो, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतो.

माकोतो हासेबे. जन्म १८ जानेवारी १९८४, गाव फुजिएदा, शिझुओका प्रांत. कोल्हापूरवाल्यांना हे पटकन कळेल, फुजिएदा म्हणजे फुटबॉलवेडं गाव. तिथल्या फुजिएदा हिगाशी शाळेचं नाव अख्ख्या जपानात फुटबॉलसाठी घेतलं जातं, १९९८ ला वर्ल्ड कपमधला जपानचा पहिला गोल मारणारा मासाशी नाकायामा पण ह्याच शाळेचा. जे-लीग, म्हणजे जपानची प्रोफेशनल लीग, १९९३ ला सुरू झाली तेव्हा हासेबे ९ वर्षांचा, म्हणजे प्रोफेशनल फुटबॉलर होणं ही गोष्ट जपानी पोरांना पहिल्यांदाच खरीखुरी दिसायला लागली होती त्या वयातला. त्याआधी सगळ्या कंपन्यांच्या टीम असायच्या, नोकरी करा आणि खेळा. यासुहिको ओकुदेरा १९७७ ला कोलोनला आला आणि बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, खेळणारा पहिला जपानी झाला, तो पण फुरुकावा इलेक्ट्रिकच्या टीममधून उठून आलेला. नंतर आलेल्या प्रत्येक जपानी प्लेयरची वाट ह्या माणसाने आधी चालून ठेवलेली आहे आणि त्याचं नाव आपल्याकडे कोणी घेत नाही ह्याचं मला फार वाईट वाटतं.

असो. हासेबे शाळा संपवून २००२ ला उरावा रेड्सला गेला. उरावा म्हणजे जपानमधला सगळ्यात दणदणीत क्राउड, सैतामाचं स्टेडियम लालेलाल. तिथे तो मधल्या फळीत खेळायचा आणि आजचा हासेबे बघून कोणाला खरं वाटणार नाही पण तेव्हा बॉल घेऊन धावत सुटणारा, दोघातिघांना चकवून पुढे जाणारा प्लेयर होता तो. २००४ ला लीगच्या बेस्ट इलेव्हनमध्ये नाव, २००६ ला लीग जिंकली, २००७ ला एशियन चॅम्पियन्स लीग जिंकली आणि मग क्लब वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला मिलानसमोर १-० ने हरले. घरी सगळं मिळालं होतं. नाव होतं, पैसा होता, पब्लिक डोक्यावर घेत होतं. आणि तो जानेवारी २००८ ला, ऐन हिवाळ्यात, वोल्फ्सबुर्गला आला. वोल्फ्सबुर्ग ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको, फोक्सवॅगनचा कारखाना आणि त्याच्याभोवती वसलेलं गाव, सैतामातून उठून तिथे यायला मन घट्ट लागतं.

कोच फेलिक्स मागाट. ह्या माणसाची ट्रेनिंग म्हणजे मेडिसिन बॉल घेऊन डोंगर चढायचा अशी त्याची ख्याती. २००८-०९ ला वोल्फ्सबुर्गने बुंडेसलीगा जिंकली, क्लबच्या इतिहासातली एकमेव. ग्राफितेने २८ गोल मारले, झेकोने २६, सगळी हवा त्या दोघांची आणि ते बरोबरच आहे. हासेबे त्या टीममध्ये उजवीकडे, कधी मधे, कधी मागे, जिथे माणूस कमी तिथे. ओकुदेरानंतर बुंडेसलीगा जिंकणारा हा दुसराच जपानी आणि मधे ३१ वर्षं गेली.

आता मी ज्यासाठी हे सगळं लिहितोय ती गोष्ट इथे सुरू होते. जपानमधला स्टार परदेशात आला की त्याला ठरवावं लागतं की मी माझ्या जागेसाठी भांडू का जी जागा मिळेल ती माझी करू, आणि हासेबेने दुसरी वाट धरली आणि मला तरी वाटतं की त्यामुळेच तो इथे साडेसोळा वर्षं टिकला. उदाहरण सांगतो. सप्टेंबर २०११, होफेनहाइमला मॅच, वोल्फ्सबुर्गच्या गोलकीपरला रेड कार्ड, सब्स्टिट्यूट सगळे वापरून झालेले. ग्लव्हज घालून गोलमध्ये कोण उभं राहिलं? हासेबे. फिर्मिनोने एक गोल मारला त्याच्यावर, मॅच ३-१ ने हरले. ह्याचा व्हिडिओ लोक गंमत म्हणून बघतात पण मला त्यात गंमत दिसत नाही, आपल्या देशाचा कॅप्टन असलेला माणूस आहे तो त्या वेळी आणि कीपरचा जर्सी अंगात अडकवून गुपचूप जाऊन उभा राहतो.

आणि एवढं करून फळ काय, तर २०१२ च्या सीझनच्या सुरुवातीला त्याच मागाटने त्याला टीमबाहेर ठेवला. ऑक्टोबरमध्ये मागाट क्लब सोडून गेला तेव्हा हा परत आत आला. मग २०१३ ला न्यूर्नबर्ग, तिथे गुडघा गेला, टीम दुसऱ्या डिव्हिजनला गेली. वय ३०. इथे संपणारी करिअर्स मी खूप बघितली आहेत, जपानला परत जायचं, मोठा सत्कार, दोन वर्षं खेळायचं, मग टीव्हीवर. त्यात वाईट काहीच नाही. पण तो फ्रँकफुर्टला आला आणि इथे १० वर्षं राहिला.

२०१६ ला आमची टीम पण खाली जाता जाता वाचली, रेलिगेशन प्लेऑफमध्ये, म्हणजे वरच्या डिव्हिजनला कोण राहणार ते ठरवणाऱ्या मॅचेसमध्ये, समोर कोण तर न्यूर्नबर्गच, त्याचाच जुना क्लब, दोन मॅच मिळून २-१. कोच होता निको कोव्हाच. त्याच्या पुढच्या सीझनला कोव्हाचने तीन डिफेंडरची सिस्टिम आणली आणि त्यातल्या मधल्या जागेवर, सगळ्यात मागे, हासेबेला टाकला. वय ३२, उंची फार नाही, स्पीड कमी झालेला, आणि आयुष्यभर मधल्या फळीत खेळलेला माणूस. लिबेरो नावाची ती जागा जर्मनीत जवळजवळ मोडीत निघाली होती.

तो तिथे काय करायचा ते टीव्हीवर दिसत नाही, स्टेडियमला बसूनच दिसतं. बॉल समोरच्या टीमकडे, अजून ४०-५० मीटर लांब, आणि हा बॉलकडे बघतच नसायचा, मान डावीकडे, मान उजवीकडे, मागे एक नजर, मग हात करून डावीकडच्या डिफेंडरला दोन पावलं आत बोलवायचा, स्वतः एक पाऊल मागे सरकायचा. मग पास यायचा आणि बरोबर त्याच्या पायात. लोकांना वाटायचं समोरच्याने चुकीचा पास दिला. चुकीचा नव्हता हो, त्या पासची वाट ह्याने आधीच बंद करून ठेवलेली असायची. स्लायडिंग टॅकल मारून कपडे मळवलेला डिफेंडर सगळ्यांना आवडतो, मलाही आवडतो, पण ज्याला झोपावंच लागत नाही तो वरचा. आणि बॉल मिळाला की उगाच लांब फटका नाही, मान वर, शांतपणे पहिला पास पुढे. म्हणजे उरावामधला तो मिडफिल्डर गेला नव्हता कुठे, फक्त मागे येऊन उभा राहिला होता.

मे २०१८, बर्लिन, जर्मन कप फायनल, समोर बायर्न, आम्ही ३-१ ने जिंकलो, १९८८ नंतरची क्लबची पहिली ट्रॉफी. त्या वर्षी आशियाबाहेर खेळणाऱ्यांमधला सर्वोत्तम आशियाई प्लेयर म्हणून एएफसीने, म्हणजे आशियाच्या फुटबॉल संघटनेने, त्यालाच निवडलं.

देशासाठीचं थोडक्यात सांगतो कारण ते बऱ्याच जणांना माहीत आहे. २०१० च्या वर्ल्ड कपच्या तोंडावर टीमची अवस्था वाईट होती, कोच ओकादाने कॅप्टनचा पट्टा नाकाझावाच्या हातातून काढून २६ वर्षांच्या हासेबेला दिला. तो पुढे ८ वर्षं आणि तीन वर्ल्ड कप त्याच्याकडेच राहिला. ११४ मॅच, त्यातल्या ८१ कॅप्टन म्हणून, गोल फक्त २. २०११ ला एशियन कप उचलला. मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर त्याच्या पुस्तकाचं मानधन त्याने युनिसेफमार्फत तिकडच्या मदतीला दिलं, आणि पुस्तक दहा लाखांच्या वर खपलं होतं. २०१८ ला बेल्जियमसमोर २-० पुढे असून ३-२ ने हरले, शेवटच्या क्षणी गोल खाल्ला, आणि त्या मॅचनंतर तो नॅशनल टीममधून थांबला. ती मॅच मी अजून परत बघू शकत नाही.

फ्रँकफुर्टच्या जुन्या लोकांसाठी आशियाई प्लेयर म्हणजे चा बुम-कुन, कोरियाचा स्ट्रायकर, १९८० ला इथेच यूएफा कप जिंकलेला. बुंडेसलीगात आशियाई प्लेयरच्या सगळ्यात जास्त मॅचेसचा रेकॉर्ड त्याचा होता, ३०८. तो २०२० ला हासेबेने मोडला आणि पुढे ३८४ पर्यंत गेला. मे २०२४ ला, वयाच्या ४० व्या वर्षी, लाइपझिगविरुद्धच्या मॅचनंतर बूट ठेवले. आता इथल्याच क्लबच्या ज्युनियर टीमला शिकवतो आणि जपानच्या कोचिंग स्टाफमध्ये पण आहे.

जपानच्याच प्लेयरांमध्ये कागावा जास्त टॅलेंटेड होता, नाकाता जास्त ग्लॅमरस होता, होंडाची फ्री किक वेगळीच होती, सगळं मान्य, त्यावर मी भांडत नाही. मला फक्त एवढंच म्हणायचंय की ज्याला घरी सगळं मिळालं होतं त्याने परक्या देशात जाऊन राइट बॅकला खेळला, गरज पडली तेव्हा गोलकीपर झाला, बेंचवर बसला, खालच्या डिव्हिजनला जाणाऱ्या टीममध्ये गुडघा घालवून घेतला, आणि ३२ व्या वर्षी नवीन जागा शिकून त्या जागेवर सगळ्या लीगमध्ये नाव काढलं, असा दुसरा मला दाखवा.

आणि तुम्हाला स्वतःच बघायचं असेल तर १८ मे २०२२ ची युरोपा लीग फायनल काढा, सेव्हिलला, आमची रेंजर्सविरुद्ध. आमचा डिफेंडर तुता घसरून पडतो, रेंजर्सचा गोल होतो, तुताला उठता येत नाही, आणि ५८ व्या मिनिटाला ३८ वर्षांचा हासेबे आत येतो. एक गोल मागे, युरोपची फायनल, वॉर्म अप पण नीट झाला नसेल. तिथून पुढे एक्स्ट्रा टाइम संपेपर्यंत बॉल सोडा आणि फक्त २० नंबरकडे बघा, तो कुणाला कुठे उभं करतोय ते. आमच्या बोरेचा बरोबरीचा गोल आणि मग आमचा कीपर ट्रापने पेनल्टीमध्ये अडवलेली रेंजर्सच्या रॅमसीची किक तुम्हाला हायलाइट्समध्ये दिसेलच.