बदामाची सत्ती

रविवारी दुपारी, जेवण अंगावर आलेलं असताना, ऑनलाइन पोकरच्या स्पर्धेत मला दोन एक्के आले. इस्पिक आणि किलवर. असे जोडीनं एक्के २२१ डावांत एकदा येतात. दुधाचा हिशेब न जमणाऱ्या पोकरवाल्यालाही हा आकडा पाठ असतो. अकरा जण उरलो होतो, फायनल टेबल नऊ जणांचं. समोरच्यानं सगळ्या चिप्स पुढे सारल्या. मी विचारात पडल्याचं थोडं नाटक केलं (कुणासाठी, कोण जाणे) आणि कॉल दाबला, म्हणजे त्याच्याइतक्याच चिप्स लावल्या.

त्याच्याकडे दोन सत्त्या. मी पाय लांब केले.

मधली, दोघांच्याही कामाची पानं उघडायला लागली. राणी, नव्वी, तिर्री. मग गुलाम. एकच पान उघडायचं राहिलं. न दिसलेल्या ४४ पानांत त्याच्या तीन सत्त्या करून माझ्या जोडीला हरवणारी फक्त दोन होती.

बदामाची सत्ती आली.

"किती गेले?" बायकोनं आतून विचारलं. काहीच नाही. २०२५च्या ऑगस्टमधल्या कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले. या चिप्स फुकटच्या, आज संपल्या तर उद्या पुन्हा मिळतात. "मग तोंड का असं?" आता काय सांगणार? पैसे गेले असते तर निदान पैशांवर ढकलता आलं असतं.

एक्क्यांची जोडी सत्त्यांच्या जोडीला शंभरात साधारण ८० वेळा हरवते. म्हणजे पाचांत एकदा मार खायचाच. तो एकेक मार मला तारीखवार आठवतो, जिंकलेल्या चारांतला एकही नाही. चॅटमध्ये मी लिहिलं, "सेट आहे सगळं." पत्ते पिसणारं सॉफ्टवेअर फुकटच्या चिप्ससाठी माझ्यावर डूख धरून बसणार नाही, हे मला कळतं. तरी लिहिलं. कुणीतरी लगेच अंगठा दिला.

आजोळच्या कॅटात बदामाची सत्तीच नव्हती. कधी हरवली कुणालाच ठाऊक नाही. तिच्या जागी एक जोकर होता. मामानं त्यावर लाल बॉलपेननं सात बदाम काढले होते, त्यातला एक थेट वांग्यासारखा. जोकर दुसऱ्याच कॅटातला, त्यामुळे बाकी सगळ्यांची पाठ निळी आणि त्याची तांबडी. पानं वाटतानाच कळायचं सत्ती कुणाकडे गेली. बदाम सात खेळायला बसलो की पानं उचलायच्या आधीच सुरुवात कुणाची ते ठरलेलं. चार मे महिने आम्ही त्याच कॅटानं खेळलो. नवा कॅट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होता, पण कुणी आणला नाही. कुणी कुरकुरही केली नाही.

मेंढीकोटात एकदा मी चौकटचा एक्का उतरलो. भिडूनं त्यावर दश्शी दिली. मी हात ओढायला पुढे झुकलोसुद्धा. आजी शेवटची होती. तिनं हुकमाची दुर्री हळूच, पापड वाळत घालावा तशी, वर ठेवली. एक्का गेला, दश्शी गेली. मी रडकुंडीला.

"एक्का म्हणजे काय सातबारा आहे, तुझ्या नावावर राहायला?" असं म्हणून ती सुपारी कातरायला लागली. पुढचा डाव मी रुसून खेळलो नाही. त्या डावात माझी पानं धाकट्या मावसभावानं घेतली आणि तो कोट करून जिंकला, हेही अजून डोक्यात आहे.

इथं रुसायची सोय नाही. स्क्रीनवर समोरच्याच्या जागी चष्मेवाल्या घुबडाचं चित्र आणि त्याच्याखाली माझ्या चिप्स.

आजी गेल्यावर तिचं फडताळ आवरताना मामानं पोथी उघडली. आत बदामाची सत्ती होती, निळ्या पाठीची, कोपरे मऊ झालेली. अध्यायाची खूण म्हणून घातलेली.

मामानं ती बाहेर काढली नाही. "खूण हलेल," म्हणाला.