गेटिसबर्गचे दोन फोटो

आई-बाबा यंदा सहा महिन्यांसाठी आलेत, नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, मग बाबाच म्हणाले आता ते तुझं लढाईचं गाव दाखव. माझं कसलं, मला जुन्या फोटोंचं वेड एवढंच. आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनहून तीन-साडेतीन तास, सोबत धपाटे आणि दह्याचा डबा.

पेनसिल्व्हेनियातल्या या गेटिसबर्गला अमेरिकन सिव्हिल वॉरची, म्हणजे उत्तर विरुद्ध दक्षिण अशा तिथल्या यादवी युद्धाची, लढाई झाली, १ ते ३ जुलै १८६३. तेव्हा गाव जेमतेम अडीच हजार वस्तीचं आणि तीन दिवसांत मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून पन्नास हजारांच्या आसपास माणसं. बाबांनी आकडा दोनदा विचारला.

मला बघायचं होतं डेव्हिल्स डेन. हत्तीएवढे खडक, पोरं वर चढून सेल्फी काढत होती. त्यातल्याच दोन खडकांमध्ये रचलेली दगडांची भिंत आहे, लढाईनंतर दोन-तीन दिवसांत आलेल्या फोटोग्राफर अलेक्झांडर गार्डनरच्या टीमने इथेच तो फोटो काढला, मेलेला दक्षिणेचा सैनिक आणि भिंतीला टेकवलेली बंदूक. मी मोबाईलवर फोटो धरून बरोब्बर त्या जागी उभी राहिले, भेगासुद्धा जुळतात हो! पण गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की तोच मृतदेह आधी खाली उतारावर काढलेल्या फोटोंमध्येही आहे, म्हणजे उचलून इथे आणून ठेवलेला. बाबा म्हणाले, "लग्नातल्या फोटोग्राफरसारखं, जरा इकडे सरका, मान वर करा." आई चिडली, "काहीतरीच काय बोलता!"

मला मात्र गार्डनरचा पूर्ण राग येत नाही. तेव्हा काचेवर चिकट कोलोडियन ओतायचं, मग काच चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली आहे तोवर फोटो घ्यायचा आणि लगेच घोडागाडीतल्या अंधाऱ्या खोपटात पळत जाऊन धुवायची, आणि एक्स्पोजर काही सेकंदांचं. पळणारा सैनिक त्यात उमटणारच कसा? म्हणून त्या युद्धाच्या फोटोंत लढाई जवळजवळ नाहीच, जे हलत नाही तेवढंच आहे, मढी, मेलेले घोडे, मोडकी कुंपणं. पण १८६६ च्या अल्बममध्ये त्याने लिहून टाकलं की नोव्हेंबरमध्ये परत आलो तर सांगाडा आणि गंजलेली बंदूक तिथेच होती, ही मात्र शुद्ध थाप. प्रेतं कधीच पुरली होती, आणि बंदूक काय चार महिने कोण ठेवतंय तिथे.

दुसरा फोटो गावातला. स्ट्रॅटन स्ट्रीटवर फायर स्टेशनशेजारी छोटं स्मारक आहे, टूरिस्ट फारसे फिरकत नाहीत. लढाईनंतर इथे जवळच उत्तरेकडचा एक सैनिक मेलेला सापडला, नाव-गाव कळायला काही नाही, हातात फक्त तीन मुलांचा काचेवरचा फोटो. तो फोटो फिलाडेल्फियाच्या एका डॉक्टरकडे गेला. तेव्हा वर्तमानपत्रात फोटो छापता येत नसे म्हणून ऑक्टोबरमध्ये पेपरवाल्यांनी नुसतं वर्णन छापलं, की धाकटा उंच खुर्चीत मध्ये, दोन्ही बाजूंना भाऊ-बहीण, आणि मोठ्या मुलाच्या अंगातलं कापड नि बहिणीच्या फ्रॉकचं कापड एकच. न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिलमध्ये फिलिंडा ह्युमिस्टनपर्यंत ते पोचलं, तिने नवऱ्याला असाच फोटो पाठवला होता आणि कित्येक आठवडे त्याचं पत्र नव्हतं. डॉक्टरने फोटोची कॉपी पाठवली. तिचीच मुलं. सैनिक होता सार्जंट अमोस ह्युमिस्टन.

आईने माझा मोबाईल घेतला, चष्मा कपाळावर सरकवून फोटो झूम केला आणि बराच वेळ बघत राहिली. "एका ताग्यातलं आहे ग," म्हणाली, "आम्हा भावंडांना दिवाळीला अण्णा असंच आणायचे, सगळ्यांना एकच कापड. हिने घरीच शिवलं असणार."

मग त्या बाईचं पुढे काय झालं हे तिला हवं होतं. मी सांगितलं, त्या फोटोच्या प्रती विकून पैसे जमवले, १८६६ मध्ये इथेच सैनिकांच्या पोरक्या मुलांसाठी आश्रम निघाला आणि फिलिंडा तिघांना घेऊन तिथे कामाला आली.

"इथे? नवरा गेला त्याच गावात?"

"हो."

आई काही बोलली नाही, मोबाईल परत दिला आणि बाबांना म्हणाली चला, धपाटे खाऊन घ्या.