राणी यादविगाचा लाकडी राजदंड

पोलंडमधल्या क्राकूफ शहरात, वावेल टेकडीवरच्या कॅथेड्रलमध्ये राणी यादविगाची संगमरवरी समाधी आहे. जवळच काचेच्या पेटीत तिच्या थडग्यात सापडलेला राजदंड ठेवलाय. साधं लाकूड, वर सोनेरी मुलामा. खरे दागदागिने तिने मृत्यूपूर्वीच क्राकूफच्या विद्यापीठाला आणि गोरगरिबांना देऊन टाकले होते.

यादविगा ही हंगेरीच्या लुई राजाची धाकटी लेक. 1384 साली ती पोलंडच्या गादीवर आली, तेव्हा जेमतेम दहा-अकरा वर्षांची होती. राज्याभिषेक मात्र ‘राजा’ म्हणून झाला. लहानपणी ऑस्ट्रियाच्या विल्हेल्मशी ठरलेलं तिचं लग्न सरदारांनी मोडलं आणि 1386 मध्ये वयाने कितीतरी मोठ्या असलेल्या लिथुआनियाच्या यागेलोशी लावून दिलं. त्यासाठी यागेलोने बाप्तिस्मा घेतला, पाठोपाठ लिथुआनियाही ख्रिस्ती झाला. चर्च तिचं हे मोठं पुण्य मानतं. मला मात्र त्या पोरीच्या जिवाचं काय झालं असेल, हेच आधी आठवतं. कॅथेड्रलमधल्या काळ्या क्रूसापुढे ती मन मोकळं करायची, असं इथले लोक सांगतात.

1399 च्या उन्हाळ्यात तिला मुलगी झाली. तीन आठवड्यांत बाळ गेलं, चार दिवसांनी तीही गेली. वय अवघं पंचवीस. काझिमिर राजाने 1364 मध्ये काढलेलं विद्यापीठ त्याच्यामागे पार डबघाईला आलं होतं. तिच्या संपत्तीतून ते 1400 मध्ये नव्याने उभं राहिलं. पुढे कोपर्निकस शिकला तो इथेच.

कार्मेलित्स्का रस्त्यावरच्या चर्चच्या भिंतीत, जाळीआड, एक दगड आहे. त्यावर छोट्याशा पावलाचा ठसा. चर्चचं बांधकाम बघायला आलेल्या राणीने एका गरीब गवंड्याला आपल्या बुटाची सोन्याची बक्कल काढून दिली, तेव्हा चुन्यात उमटलेलं हे पाऊल, अशी आख्यायिका आहे. खरंखोटं देव जाणे, पण राजदंड पाहिल्यावर मला ती पटते.

8 जून 1997 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी क्राकूफच्या ब्वोन्या मैदानावर तिला संतपद दिलं. ते स्वतः याच विद्यापीठाचे विद्यार्थी. युद्धकाळात जर्मनांनी विद्यापीठ बंद पाडलं, तेव्हा धर्मशास्त्र शाखेचे वर्ग चोरून भरायचे आणि ते तिथे शिकायचे. ती शाखा 1397 मध्ये सुरू झाली होती, यादविगाच्याच खटपटीने.