काढून टाकलेल्या ओळी

कुबरनेटीस या, अनेक यंत्रांवर मिळून प्रोग्रॅम चालवणाऱ्या प्रणालीचा कोड हौसेने वाचणारे लोक फार नसावेत. काही अडले की माणूस तिथे शिरतो, हवी ती ओळ सापडली की बाहेर पडतो आणि पुढच्या अडचणीपर्यंत तिकडे फिरकत नाही. परवा दुपारी एका पॉडला, म्हणजे तिथे चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या एका गठ्ठ्याला, डिस्क का जोडली जात नाही याचा माग काढत मी असाच पर्सिस्टंट व्हॉल्यूमच्या, म्हणजे टिकाऊ साठवणीच्या, जोडणीवर देखरेख करणाऱ्या कंट्रोलरच्या फाइलपर्यंत पोहोचलो आणि सुरुवातीलाच एका टिपणीपाशी अडखळलो. भल्यामोठ्या इंग्रजी कॅपिटल अक्षरांत तिथे बजावून ठेवले आहे की, कृपया हा कोड सोपा करण्याचा प्रयत्न करू नका, स्पेस शटल उडत राहू द्या.

खाली कारणही दिले आहे. या फाइलीतल्या जवळजवळ प्रत्येक ‘इफ’ला (‘असे असेल तर’) त्याचा ‘एल्स’ (‘नसेल तर’) आहे, मग त्या एल्समध्ये काहीही करायचे नसले तरी चालेल. जे उघड दिसते तेही शब्दांत लिहिलेले आहे. आणि नासामध्ये अंतराळयानासाठी जसा कोड लिहितात, तसा एकही फाटा विचारातून सुटू नये म्हणून हे सारे मुद्दाम केले आहे. गंमत पुढेच आहे. पूर्वी हे काम तीन वेगवेगळे कंट्रोलर करत असत आणि ते सुटसुटीत करण्याच्या मोठ्या मोहिमेतून ही एकच फाइल निघाली. म्हणजे ज्यांनी झाडलोट केली, त्यांनीच झाडू खाली ठेवताना दारावर पाटी लावली की यापुढे इथे कोणी झाडू नये. ज्याने एकदा मनापासून आवरले आहे, त्यालाच अशी पाटी लावण्याचा अधिकार असतो, असे माझे मत आहे.

मला स्वतःला या बाबतीत एक खोड आहे. कोणताही पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोणीतरी कोडमध्ये सुचवलेला बदल, उघडला की मी आधी वरचे हिरवे (वाढवलेल्या ओळींचे) आणि लाल (काढलेल्या ओळींचे) आकडे पाहतो, आणि हिरवा लहान व लाल मोठा असला की आत काय आहे हे न वाचताच त्या अनोळखी माणसाविषयी माझे मत चांगले होते. भर घालणाऱ्याला आपल्यापुरते ठाऊक असले तरी भागते. काढणाऱ्याला मात्र ती ओळ आजवर कोणाकोणाच्या उपयोगी पडत होती हे शोधावे लागते, आणि ती माणसे बहुधा त्याच्या ओळखीची नसतात.

या खोडीला आजवर सर्वांत मोठी मेजवानी मिळाली ती 2024 मध्ये. कुबरनेटीस 2014 मध्ये गूगलमधून बाहेर आला, 2015 च्या जुलैमध्ये त्याची 1.0 आवृत्ती आली, आणि त्या काळात लोकांनी तो लवकर वापरावा म्हणून ॲमेझॉन, अझ्युर, गूगल, ओपनस्टॅक, व्हीस्फिअर अशा क्लाउडांशी बोलणारा कोड थेट मुख्य गाभ्यातच टाकला गेला होता. तेव्हा ते सोयीचे होते; पण पुढे ज्याला यांतल्या एकाही क्लाउडशी देणेघेणे नाही, त्याच्याही यंत्रावर या सगळ्यांचे सामान येऊन पडू लागले. हे सामान बाहेर काढण्याचे 1.7 आवृत्तीच्या काळापासून, म्हणजे 2017 च्या सुमारास, ठरले होते. काम पुरे झाले 1.31 मध्ये. सुमारे 15 लाख ओळी गेल्या आणि मुख्य घटकांच्या बायनरी, म्हणजे चालवायच्या तयार फाइली, जवळपास 40 टक्क्यांनी हलक्या झाल्या. सात वर्षे कशाला लागली, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. पण आधी बाहेर प्रत्येकासाठी वेगळी जागा तयार करायची, मग चालू क्लस्टर (एकत्र जोडलेली यंत्रे) बंद न पाडता एकेकाचे बिऱ्हाड तिकडे हलवायचे, आणि सगळे हलले याची खात्री झाल्यावरच जुनी खोली पाडायची, हा क्रम ज्याने एकदा जवळून पाहिला आहे तो सात वर्षांना उशीर म्हणणार नाही.

डॉकरशिमच्या, म्हणजे प्रोग्रॅम डबाबंद करून चालवणाऱ्या डॉकरशी कुबरनेटीसला जोडणाऱ्या कोडच्या, वेळची धांदल मात्र अनेकांना आठवत असेल. 2020 च्या डिसेंबरमध्ये 1.20 सोबत तो मोडीत काढणार असल्याचे जाहीर झाले आणि ‘डॉकर बंद झाले’ अशी आवई उठली. प्रकल्पाच्या लोकांना ‘घाबरू नका’ अशा मथळ्याचा लेख लिहून खुलासा करावा लागला की डॉकरने बांधलेल्या तुमच्या इमेजेस (डबाबंद प्रोग्रॅम) पूर्वीसारख्याच चालतील, जाणार आहे तो फक्त मधला दुवा. तो दुवा प्रत्यक्षात निघाला 2022 च्या मे महिन्यात, 1.24 मध्ये. ज्यांनी पहिल्या दिवशी आरडाओरडा केला होता, त्यांतले कितीतरी जण दीड वर्षानंतरही 1.24 च्या उंबरठ्यावर तसेच उभे होते, हा आपल्या व्यवसायाचा स्वभावच म्हणायचा.

‘सोपे करू नका’ ही पाटी वाचताना मला आमच्या साताऱ्याच्या घरातला स्विचबोर्ड आठवला. काळपट तपकिरी बटणांची एक रांग होती आणि तिच्या शेवटच्या बटणावर औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी आडवी लावून त्यावर आजोबांनी शाईच्या पेन्सिलीने ‘हात लावू नये’ असे लिहिले होते. आम्हा भावंडांना त्या घरात दुसऱ्या कशाचेही एवढे आकर्षण नव्हते. पुढे वायरिंग बदलायला वायरमन आला तेव्हा बाबांनी त्याला विचारले, “हे कशाचं हो?” त्याने झाकण उघडले, वायर कुठे जाते ते पाहिले, ती भिंतीत वर चढून दिसेनाशी झाली होती. त्याने झाकण पुन्हा बसवले आणि म्हणाला, “दादा, ऱ्हाऊ द्या की.” आजोबा तोवर गेले होते. बटण राहिले, पट्टीही राहिली. आजोबांनी कारणाची एक ओळ खाली लिहिली असती तर कदाचित त्याच दिवशी ते बटण निघाले असते, किंवा निदान आम्ही ते योग्य कारणासाठी ठेवले असते.

कुबरनेटीसमध्ये कारण लिहिण्याची ही शिस्त बरीच कडक आहे, कधी कधी तर चिडावे इतकी. नवी सुविधा आणायची तर आधी तिचा प्रस्ताव लिहायचा, मग ती अल्फा म्हणून बंद अवस्थेत यायची, मग बीटा, मग स्थिर, आणि या सगळ्या काळात तिच्यासाठी एक फीचर गेट, म्हणजे ती चालू-बंद करण्याची कळ, ठेवायचे, जे शेवटी काढण्याचे कामही कोणाला तरी करावे लागते. चालू पॉड बंद न करता त्याचा सीपीयू आणि मेमरी बदलता यावी, ही किती साधी मागणी. पण ती 1.27 मध्ये, 2023 च्या एप्रिलात, अल्फा झाली, दोन वर्षांनी 1.33 मध्ये बीटा झाली आणि स्थिर व्हायला 1.35 उजाडावे लागले. दरम्यान रोजच्या रोज ‘क्लीनअप’ असे लेबल लावलेले बारके बदल येत असतात: न वापरलेले फंक्शन काढले, जुनी चाचणी नव्या पद्धतीने लिहिली, काम संपलेले गेट उचलले. यातही शिष्टाचार आहे. एखादा स्वल्पविराम सुधारून पुल रिक्वेस्ट पाठवू नका, त्यापेक्षा ती अख्खी फाइल नीट वाचा आणि एकदाच काय ते पाठवा, असे योगदान देणाऱ्यांना सांगितलेले असते, कारण तो स्वल्पविरामही शेवटी कोणा माणसालाच तपासावा लागतो. मला हा नियम मनापासून पटतो, आणि तो पाळला न गेल्याचे रोज दिसते.

इश्यूंची, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी-मागण्यांची, आवराआवर मात्र बॉटकडे आहे. 90 दिवस कोणी बोलले नाही की तो इश्यूला ‘शिळा’ ठरवतो, आणखी 30 दिवसांनी ‘कुजका’, आणि त्यानंतरच्या 30 दिवसांनी बंद करून टाकतो. शिळेपणाचे लेबल काढायची एक ठरलेली आज्ञा आहे. काही जुन्या चर्चा अशा असतात की त्यांत मूळ प्रश्नावर कोणीच काही बोलत नाही. बॉट येऊन शिळे म्हणतो, कोणीतरी येऊन ती एका ओळीची आज्ञा टाकून जातो, तीन महिन्यांनी पुन्हा तेच. त्या आज्ञा टाकणाऱ्यांची मला एकाच वेळी कीव येते आणि आदरही वाटतो.

पण आवरणारी माणसेच संपली तर काय होते, हे अलीकडे दिसले. जगभरच्या असंख्य क्लस्टरांमध्ये बाहेरून येणारी रहदारी आत घेण्याचे काम इनग्रेस एनजिनएक्स करत आला आहे. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये तो निवृत्त करत असल्याचे जाहीर झाले, मार्च 2026 पर्यंत जमेल तेवढी देखभाल आणि त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्याही नाहीत. कारण स्पष्ट लिहिले होते: कित्येक वर्षे हे काम एक-दोन माणसे, आपली नोकरी सांभाळून, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी करत होती, आणि मदतीसाठी केलेल्या आवाहनांना पुरेसे हात मिळाले नाहीत. लवचीकता म्हणून पूर्वी दिलेल्या सोयीच आता सुरक्षेच्या दृष्टीने दोष ठरल्या होत्या, आणि ते निस्तरायला माणसे नव्हती. त्या घोषणेखाली पहिल्या काही तासांत जे सूर उमटले त्यांत बराचसा राग होता, आणि तो प्रामुख्याने फुकट वापरणाऱ्यांचा होता. पंधरा लाख ओळी काढायला कंपन्यांनी पगारी माणसे दिली, कारण त्यांतून त्यांचाच भार हलका होत होता. या दाराशी मात्र रात्री जागायला कोणी पगारी माणूस द्यावा असे कोणत्याही मोठ्या वापरकर्त्याला वेळेत वाटले नाही. याला दुर्लक्ष म्हणणे फार सौम्य होईल.